फ्रिजच्या मागची दोरी

मी फ्रिज घेतला तेव्हा त्यात ठेवण्यासारखं माझ्याकडं काहीही नव्हतं. दोन्ही वेळा खानावळीत जेवायचो, चहा ऑफिससमोरच्या टपरीवर प्यायचो. घरात तोंडात टाकण्याजोगी वस्तू म्हणजे एक चुन्याची डबी, तीही आधीच्या भाडेकरूनं विसरलेली. असा माणूस फ्रिज कशाला घेतो? तर बदली होऊन निघालेले एक साहेब म्हणाले, "तू घेऊन टाक रे," आणि साहेबांना नाही म्हणायची मला सवय नव्हती. शिवाय चाळिशी गाठली होती, स्थळं यायची थांबली होती, आणि माझी एक आत्या भेटली की दर वेळी म्हणायची, "अरे, घरात काहीतरी आण, म्हणजे माणूस येईल." तिच्या मनात काय आणायचं होतं ते तिनं कधी फोड करून सांगितलं नाही. मी फ्रिज आणला.

औरंगपुऱ्यातल्या एका बोळात तळमजल्याच्या दोन खोल्यांत मी राहत होतो. हातगाडीवरून फ्रिज उतरवून हमालानं घाम पुसला आणि मला म्हणाला, "बाईंना इचारा, कुठं ठिवायचा." मी खरोखरच एकदा मागं वळून आतल्या खोलीकडं बघितलं. मग घसा साफ करून म्हणालो, "इथंच ठेवा म्हणतात." त्यामुळं फ्रिज बाहेरच्या खोलीत, दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, भिंतीला चिकटून उभा राहिला.

त्यात मी पाण्याची बाटली ठेवली आणि एक लिंबू ठेवलं. लिंबू शोभेसाठी होतं. ते आत पडून पडून सुपारीएवढं झालं तरी मी ते काढलं नाही, कारण नुसत्या बाटलीसाठी दार उघडणं बरं वाटत नव्हतं. मोटर मात्र मला आवडायची. आपण पेपर वाचत बसावं आणि पलीकडं कुणीतरी घसा खाकरावा, थोडा वेळ पुटपुटावं आणि मग गप्प व्हावं, असा तिचा आवाज. ती बंद झाली की मी पेपर खाली ठेवून पुन्हा सुरू व्हायची वाट बघायचो. यावरून माझी तेव्हाची अवस्था समजावी.

पहिल्यांदा दार वाजवलं ते वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी. ते पाचोडकडचं कुटुंब. गावाकडं शेती, इथं भाऊसाहेबांची नोकरी. एवढे महिने जिन्यात नमस्काराशिवाय आमचं बोलणं झालं नव्हतं.

"भाऊजी, हाये का घरात?"

"आहे, आहे."

"आमचं दूध ठिवू का तुमच्या पेटीत? वर लई उकडतंय, सांजपस्तोर नासून जातंय."

"ठेवा की. जागाच जागा आहे."

वहिनींनी दार उघडलं. आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"ह्ये लिंबू कुणाचं?"

"माझंच."

"बरं हाये," त्या म्हणाल्या. आजाऱ्याला भेटून निघताना माणसं म्हणतात तसं.

दुधामागून खवा आला, चक्का आला, पूजेची फुलं आली. वहिनींची अंडी वर्तमानपत्रात गुंडाळून अगदी खालच्या कप्प्यात यायची, त्यावर त्या कोथिंबिरीची जुडी ठेवायच्या. आमचं घराणं भिक्षुकांचं, तेव्हा बिचाऱ्याला विटाळ नको म्हणून. मी ऑफिसजवळ कोपऱ्यावर डबल आमलेट खातो हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि कोथिंबिरीखाली काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, असं आम्ही दोघंही मोठ्या सभ्यपणे वागत होतो.

बोळापलीकडच्या मुसलमान मावशी, साऱ्या बोळाच्या खाला, आल्या त्या आपल्या मिशांवाल्या, सदा खाटेवर बसलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांचं औषध घेऊन. दारातच थांबल्या.

"भाईसाब, ये दवाई ठंडे में रखो बोले डाक्टर. तुमारे यहाँ रक्खूँ क्या जी? एक कोने में पड़ी रहेंगी."

"ठेवा, खाला. विचारायचं काय त्यात?"

"विचारना तो पड़ताच ना. तुमारे भगवान-विगवान तो नहीं ना रहते इसमें?"

"नाही. एक लिंबू राहतं."

मग मी किल्लीच वहिनींकडं द्यायला लागलो. ऑफिसातून आलो की माझ्या घरात माणसं येऊन गेल्याच्या खुणा असायच्या. फरशीवर ओल्या पावलाचा ठसा, खोलीभर मोगऱ्याचा वास, एखादी वाटी जागची हललेली. कधी माझ्या बाटलीतलं पाणी कुणी प्यायलेलं असायचं. मी ती पुन्हा भरून ठेवायचो, आणि ते काम मला रोजचं असलेलं चालायचं.

आषाढात वहिनींची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि बाळ झालं ते नेमकं झडीत. सूर्याचं दर्शन नाही. वरच्या दोन खोल्यांत दोऱ्याच दोऱ्या, लंगोटच लंगोट. ते वाळेनात. तव्यावर वाळवले, शेगडीवर वाळवले, एकाला भोक पडलं. आणि मग एक दिवस खव्याच्या डब्याचं झाकण फ्रिजमागं पडलं म्हणून वहिनींनी तिथं हात घातला.

"अगं बया!" त्या ओरडल्या. "इथं तर चूल पेटलीया!"

जुन्या फ्रिजांना पाठीला काळी जाळी असायची, तुम्हाला आठवत असेल. आतली उष्णता तिच्यातून बाहेर पडते. वहिनींनी जाळीवर दोनदा हात फिरवला, माझ्याकडं बघितलं, आणि विचारायच्या आतच मी हो म्हणालो. हो म्हणूनच थांबलो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण माझा उत्साह! मी स्वतः फ्रिज वीतभर पुढं ओढला. जाळीच्या दोन्ही अंगांना मीच दोरी बांधली, वर-खाली तीन पदर घेतले, हिसका देऊन मजबुती तपासली. लंगोट आले, झबली आली, जुन्या लुगड्यांची जाडजूड दुपटी आली. मग वहिनींना वाटलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला हे दिसणं बरं नाही, एकट्या बाप्याच्या घरात लंगोट म्हटल्यावर लोक काय म्हणतील? तेव्हा भिंतीत खिळा ठोकून फ्रिजच्या दोन्ही बाजूंना जुन्या लुगड्याचा पडदाही मीच लावून दिला. खिळा ठोकताना अंगठा ठेचला. एवढं मन लावून मी आयुष्यात फार थोडी कामं केली आहेत.

त्या दिवसापासून मायलेकी दिवसातून कितीदा तरी यायच्या. लंगोट घालताना-काढताना बाळ माझ्या खाटेवर ठेवायच्या. ते माझ्याकडं टक लावून बघायचं आणि रडायचं नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण नातेवाइकांची सगळी मुलं मला बघून रडत आलेली आहेत.

"तुमाला वळखतंय काका ते," लेक म्हणायची.

"कशावरून?"

"नवीन माणूस असलं की भोकांड पसरतंय की."

दोन-चार वाक्यांची ही ओळख मी ऑफिसात दिवसभर मनात घोळवायचो.

श्रावणात वहिनींचं दूध नासलं.

पातेलं झाकून घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी चक्का आंबला. बर्फाच्या खणात हात घातला तर तो आपल्या माठाच्या बुडाइतका गार, त्यापेक्षा तसूभरही जास्त नाही. मोटर मात्र चालूच. पूर्वी ती मधेमधे गप्प व्हायची, आता अखंड कीर्तन लावल्यासारखी बोलत होती, तापत होती आणि गार काही करत नव्हती. मला आमच्या ऑफिसातले एक हेडक्लार्क आठवले.

मग मी दुरुस्तीला लागलो. माझ्याजवळ एक स्क्रू पिळायचा पान्हा होता आणि सायन्स साइडचा विद्यार्थी असल्याचा अभिमान होता. पहिला संशय दाराच्या रबरावर. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढून बघायची, सैल निघाली तर रबर गेलं. माझी पट्टी सगळीकडं घट्ट बसली, एवढी की ओढताना फाटली आणि अर्धी आतच राहिली. दुसरा संशय विजेच्या दाबावर. बोळात दिवे नेहमीच डोळे मिचकावायचे. मी स्टॅबिलायझर आणला. तो दर थोड्या वेळानं 'टक्' करायचा आणि मी दचकायचो. एवढाच त्याचा परिणाम दिसला. तिसरा उपाय म्हणून आतलं बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलं. मोटर आणखी जोरात बोलू लागली. चौथा उपाय माझा स्वतःचा. दार आपोआप मिटावं म्हणून पुढच्या पायांखाली फरशीचे तुकडे सरकवले. ते इतके उंच झाले की दार उघडून हात काढला की ते पाठीत बसायचं. खालांना बसलं.

"या अल्ला! मारताच है ये तो!" त्या म्हणाल्या. मी तुकडे काढले.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं. तो येणार म्हटल्यावर वहिनी लगबगीनं खाली आल्या. "परका माणूस यायचा, लंगोट बघून काय म्हणंल?" म्हणत त्यांनी पडदा, दुपटी, लंगोट सगळं आवरून वर नेलं. मेकॅनिक दुपारनंतर आला. तोवर फ्रिज पाठ मोकळी करून निवांत उभा होता. त्यानं खणात हात घातला. "गार तर हाये की."

"आत्ता आहे. सकाळी नव्हता."

"गॅस कमी झाला आसंल." त्याला प्रत्येक दुखण्याचं एकच निदान ठाऊक होतं, आमच्या गावच्या वैद्यासारखं. त्यानं नळ्या लावल्या, काहीतरी भरलं किंवा भरल्यासारखं केलं, आणि गेला. संध्याकाळी बर्फ झाला. मी बाळासकट सगळ्यांना दाखवला. वहिनी खूष, मी खूष. त्यांनी पुन्हा दुपटी वाळत घातली, आणि दोन दिवसांत दूध पुन्हा नासलं.

मेकॅनिक पुन्हा आला. वहिनींनी पुन्हा आधीच आवरून घेतलं होतं. फ्रिज पुन्हा गार. त्यानं फ्रिजकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "साहेब, माझी चाहूल लागली की ह्याचा ताप उतरतो. घरी कोण कोण आसतं?"

"मीच."

"तरीच. एकटा माणूस वस्तूला लई हात लावतो," असं म्हणून चहा पिऊन तो गेला, त्याला परत बोलवायची माझी छाती झाली नाही.

कुणीही तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. तक्रार करायला का होईना, माणूस घरी येतो. दूध यायचं थांबलं. मग फुलं थांबली. कोथिंबीर आणि तिच्याखालचं जे मला ठाऊक नव्हतं तेही गेलं. एक दिवस खाला आल्या आणि औषधाची बाटली पदराआड घेतली. "ले जाती जी मैं. मौसमच ठंडा हो गया ना अब, घर में रह जाती." बाहेर एवढं उकडत होतं की त्या बोलता बोलता पदरानं वारा घेत होत्या.

खुणा बंद झाल्या. आल्यावर बाटली भरलेलीच दिसायची. फ्रिजमध्ये पुन्हा मी आणि लिंबू. फक्त पाठीमागचा व्यवहार चालू राहिला. पुढून फ्रिज जितका कामातून गेला तितकी त्याची जाळी तापू लागली होती, दुपटी बघता बघता वाळत होती. मायलेकी यायच्या, बाळ खाटेवर पडायचं, माझ्याकडं बघायचं. तेवढाच माझ्या घरी येणारा माणूस उरला होता, आणि त्याला अजून मान धरता येत नव्हती.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि महालक्ष्म्यांना माणूस गावी गेला नाही तर गाव त्याला माणसात धरत नाही. वहिनींचं सगळं बिऱ्हाड पाचोडला निघालं. जाताना त्यांनी दोरीवरचं सगळं काढून नेलं, पडदासुद्धा बाळाला आडोसा म्हणून घेतला. किल्ली माझ्या हातात ठेवली.

"जेवायच्या दिवशी या की पाचोडला. एसटी हाये की दर घंट्याला."

"बघतो. ऑफिस असतं."

"सुट्टीच हाये की त्या दिशी."

"बघतो," मी म्हणालो. असं जाता जाता दिलेलं आमंत्रण खरं समजून एकदा मी एकाच्या मुंजीला गेलो होतो. तेव्हापासून मी सावध होतो.

खालाही बहिणीकडं गेल्या. बोळ एकदम रिकामा झाला. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी पाणी प्यायला फ्रिज उघडला, तर बाटली हाताला चटकली. बर्फाच्या खणात पांढरी साय धरलेली. ट्रेमध्ये बर्फ, खणखणीत. मी तो पेल्यात टाकला. खोलीत कुणी नसलं की बर्फाचा पेल्यातला आवाज फार मोठा येतो. ट्रे घेऊन मी दारापर्यंत गेलो, कुणाला तरी दाखवावा म्हणून. जिन्याला कुलूप. समोर कुलूप. मी उंबऱ्यात उभा राहून एक-एक करून सगळा बर्फ स्वतःच खाल्ला. दात दुखले.

मग सायन्स साइड जागी झाली. माणसं गेली आणि फ्रिज बरा झाला, याचा अर्थ काय? पहिला तर्क असा की सारखं दार उघडल्यामुळं गारवा जात असावा. प्रयोग करायचा ठरवला. मी बाहेर गेलो, दार वाजवलं. "भाऊजी, हाये का घरात?" असं म्हणून आत आलो, फ्रिज उघडला, आणि वहिनी जेवढा वेळ दार धरून पाचोडच्या पावसाचं बोलायच्या तेवढा वेळ दार धरून बोललो. मग खाला झालो. दारात थांबलो, "भाईसाब" म्हणालो, औषध शोधलं. मग लेक होऊन आलो. पुन्हा वहिनी. मधेच मी स्वतः होऊन "या, या, विचारायचं काय त्यात?" असंही म्हणत होतो. शेवटच्या खेपेला वळलो तर दारात दूधवाला उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"वरचे गावाला गेलेत," मी म्हणालो.

"व्हय, म्हाईत हाये," तो म्हणाला, आणि एकेक पायरी मागं सरत गेला.

बर्फ जसाच्या तसा होता. म्हणजे माणसांच्या दार उघडण्यानं काही बिघडत नव्हतं. मला इतका आनंद झाला! मग राहिलं काय? मी फ्रिजच्या मागं गेलो. रिकाम्या दोरीचे तीन पदर. माझी गोधडी, चादर, दोन टॉवेल मी त्यांवर घातले, बाजूंना धोतर खोचून पडदा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेमध्ये पाणी होतं. गोधडी काढली, संध्याकाळपर्यंत बर्फ. उष्णतेला बाहेर पडायची वाटच आम्ही शिवून टाकली होती. दोरी माझी, खिळा माझा, गाठी माझ्या.

शोध लावणाऱ्या माणसाला आनंद होतो म्हणतात. मी खाटेवर बसून राहिलो. पुढची माणसं परत यायला हवी असतील तर मागची बंद करायची. वहिनींना नुसतं सांगायचा अवकाश, त्या जीभ चावून सगळं गुंडाळून वर नेणार, आणि आपल्यामुळं भाऊजींचं नुकसान झालं म्हणून पुढं दुधाचं पातेलंही आणायला लाजणार. आणि सांगितलं नाही, तर आहेच मी आणि लिंबू.

वहिनी परत आल्या त्या हातात डबा घेऊन. "वाट बघितली की व्हो तुमची. पंक्तीत पान मांडलं हुतं. पोरगी म्हनली, काका यील. ह्या घ्या तुमच्या वाटच्या पोळ्या."

मी डबा घेतला. म्हणजे ते आमंत्रण खरं होतं. सांगायची वेळ तीच होती. लेक मागं उभी, खांद्याशी बाळ, दुसऱ्या हातात पिळलेल्या लंगोटांची बादली. "काका, घालू का?" तिनं विचारलं.

"घाल की," मी म्हणालो. "विचारायचं काय त्यात?"

आणि दुसऱ्या दिवसापासून मी सायकलवर बर्फ आणायला लागलो. बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा, भुशात लोळवलेला, पोत्यात बांधलेला. ऑफिसला जायच्या आधी तो मी खणात आणि खालच्या ट्रेमध्ये कोंबायचो. आमचा फ्रिज हा औरंगाबादेतला विजेवर चालणारा पहिला बर्फाचा खोका असावा. पण गार व्हायचा! वहिनींनी हात घालून बघितलं.

"बरी झाली व्हय पेटी?"

"त्या मेकॅनिकच्या औषधाचा गुण जरा उशिरा आला."

दूध परत आलं. फुलं आली, कोथिंबीर आली. खाला बाटली घेऊन आल्या, "मौसम फिर गरम हो गया जी," म्हणाल्या. पुढून माणसं, मागून माणसं, खाटेवर बाळ. त्या मेकॅनिकची तर बोळभर कीर्ती झाली. वहिनींनी त्याला आपल्या दिराच्या घरी पाठवलं.

माझे हाल काय विचारता? बर्फाचं पाणी व्हायचं, ते ट्रेमधून ओसंडायच्या आत काढावं लागायचं. रोज जेवणाच्या सुट्टीत मी सायकल हाणत घरी यायचो, पाणी उपसायचो, परत धावत जायचो. ऑफिसात पोट बिघडलंय असं सांगितलं होतं. त्यावर प्रत्येकानं वेगवेगळं चूर्ण आणून दिलं, आणि दोन चूर्णांनी ते खरोखरच बिघडलं.

एका दिवशी साहेबांनी दुपारी मिटिंग लावली. मी दोनदा पोटावर हात ठेवला. ते म्हणाले, "बसा हो, सगळ्यांचंच दुखतंय." संध्याकाळी घरी आलो तर माझ्या उंबऱ्याखालून बोळात पाण्याचा ओघळ गेलेला. आत वहिनी फरशी पुसत होत्या. खालांच्या हातात ओलं पोतं होतं, त्याला भुसा चिकटलेला.

"भाऊजी, पेटीत पोतं कशाला व्हो?"

"गारवा टिकतो," मी म्हणालो.

"आन भुसा?"

"तोही त्यासाठीच."

खालांनी पोतं माझ्यापुढं धरलं. "भाईसाब, बर्फ की मशीन में बाहर का बर्फ कायकू रक्खे जी?"

मला एवढ्या थोड्या वेळात चांगलं खोटं सुचत नाही. मी सांगून टाकलं. जाळी, दुपटी, गोधडीचा प्रयोग, कारखाना, सगळं. वहिनी होऊन बोलण्याचा प्रयोग मात्र गाळला. मला वाटलं होतं दोघी हसतील. खाला हसल्याही. "अय्यो, रोज ढोते थे!" वहिनी हसल्या नाहीत. हातातलं फडकं बादलीत टाकून त्या फ्रिजमागं गेल्या आणि एकेक कपडा काढून खांद्यावर टाकायला लागल्या.

"बोलायचं की व्हो मला. येवढ्याशा धुडक्यापायी रोज बर्फ वाह्यला तुम्ही?"

"ओले आहेत अजून," मी म्हणालो. मला बरंच काही म्हणायचं होतं, त्यातलं एवढंच बाहेर आलं.

त्या थांबल्या. हातात एक दुपटं तसंच धरून माझ्याकडं बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "वाळतील वर. पाऊस बी उघडलाय आता. आन सोमवारी पोरगी चालली की सासरी. जावईबापू येतायत न्यायला."

म्हणजे तसंही सोमवारपर्यंतच होतं. मी पान्हा घेऊन दोरीच्या गाठी सोडायला वाकलो. त्या अशा घट्ट बसल्या होत्या की नखं दुखली.

"ऱ्हाऊ द्या दोरी," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या खेपेला लागंल."

खालांनी वहिनींकडं बघितलं, मी फरशीकडं. पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, ही रीत आम्हा तिघांनाही चांगली ठाऊक होती.

"राहू द्या," मी म्हणालो.

सोमवारी निघताना लेकीनं बाळ माझ्याजवळ दिलं. ते मोठ्यानं रडलं. "प्रवासाचं कळतंय त्याला," ती म्हणाली. फ्रिज त्याच दिवशी उत्तम चालायला लागला, आणि नंतर कित्येक वर्षं त्यानं कसलीही कुरकुर केली नाही. दूध, फुलं, औषध येत राहिलं. मी म्हटलं होतं तशा वहिनी लाजल्या नाहीत, उलट जास्तच येऊ लागल्या. त्या काळात मी जिन्यात शीळ घालायचो असं भाऊसाहेब सांगत. मग एका दिवाळीत त्यांनी स्वतःचा फ्रिज घेतला. माणसं घेतातच. तो कुठं ठेवायचा हे सांगायला मला जाणकार म्हणून वर बोलावलं. मी भिंतीपासून हातभर लांब ठेवायला लावला आणि बजावलं, "मागं काही घालायचं नाही." वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. पुढं खालांच्या मुलानंही घेतला. माझी किल्ली पुन्हा माझ्याच खिशात आली. दार वाजायचं, पण सणासुदीला.

निवृत्तीनंतर मुकुंदवाडीच्या स्टेशनजवळ फ्लॅट घेतला, फ्रिज बरोबर आणला. अलीकडं त्याची मोटर बसली. या खेपेला मी रबर, दाब, बटण काहीही तपासलं नाही. नवा फ्रिज घेतला आणि भंगारवाल्याला हाक मारली. त्यानं फ्रिज ओढून पाठ बघितली आणि जाळीला बांधलेल्या काळ्या पडलेल्या दोरीला बोट लावलं.

"काका, ही दोरी कशापायी?"

"मूळचीच आहे."

"दोरी देतेत व्हय फ्रिजला?"

"तेव्हा द्यायचे."

तो गाठ उकलायला बघू लागला. मी म्हटलं, "तिच्या नादी लागू नकोस, निघत नाही ती." त्यानं एकदा ओढून बघितलं, मान डोलावली, आणि फ्रिज दोरीसकट गाड्यावर चढवला. पाठ माझ्याकडं होती. गाडा स्टेशनच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात उभा होतो. मग आत येऊन नव्या फ्रिजमध्ये एक लिंबू ठेवलं.